मार्झिपान, तुर्रोन, जांदूया : नाताळच्या खाऊत कोण किती पाण्यात?

एल्बेकाठी (मूळ धागा)

हॅम्बर्गला येऊन सहा वर्षं झाली. इथं गणपती बसतात त्याच सुमारास दुकानात लेबकुखेन (नाताळचं मसालेदार बिस्किट) येऊन बसतं, आणि नोव्हेंबरपर्यंत सोनेरी डब्यांचे डोंगर उभे राहतात. आपण चित्र बघून चार डबे उचलतो. त्यातले दोन मार्चमध्ये माळ्यावर सापडतात.

यंदा म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. आडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या पहिल्या रविवारी सात मराठी टाळकी आमच्या स्वयंपाकघरात जमवली. प्रत्येकानं एकेक जिन्नस आणायचा, शक्यतो सुक्यामेव्याचा. वेष्टनं मी एकटीनं काढली, तुकडे केले आणि स्टीलच्या ताटल्यांना नंबर दिले. कुणी काय आणलंय ते बोलायचं नाही. मध्ये जीभ साफ करायला कोरा चहा आणि चुरमुरे. (चुरमुरे ही नवऱ्याची कल्पना. सहा वर्षांतली सर्वोत्तम.)

ताटली १, मार्झिपान. ल्युबेक आमच्याकडून रेल्वेनं पाऊण तास. तिथलं नीडरएगर १८०६ पासून चालू आहे, त्यांची डार्क चॉकलेटचा पातळ थर दिलेली वडी. सातपैकी तिघांनी पहिल्या घासाला चिठ्ठीवर लिहिलं, "खोकल्याचं औषध". तो वास कडू बदामाचा, गोड बदामांत थोडे कडू मुद्दाम घालतात. दुसऱ्या घासाला नाक सरावतं आणि मग दाताखाली ओलसर, किंचित रवाळ बदाम कळायला लागतो. इथला दंडक असा, की मार्झिपानच्या कच्च्या गोळ्यात साखर जास्तीत जास्त ३५ टक्के. पुढं त्यात आणखी साखर मळायची मुभा आहे, आणि स्वस्त-महाग हा सगळा खेळ तिथंच होतो. ल्युबेकचं नाव लावायचं तर ७० टक्के कच्चा गोळा हवाच.

याच ताटलीत मी एक चोर बसवला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला पेरझिपान. दिसायला डिट्टो, पण बदामाऐवजी जर्दाळूच्या बियांतला गर. चौघांनी ओळखला नाही. एकानं तर त्याला खऱ्यापेक्षा दोन गुण जास्त दिले. नाव सांगत नाही, आम्ही एकाच घरात राहतो.

ताटली २, तुर्रोन. हा स्पेनचा नाताळ. ऑफिसातल्या आलिकांतेच्या मैत्रिणीनं दोन्ही प्रकार दिले होते, मऊ खिखोनाचा आणि कडक आलिकांतेचा. मऊ वडीची पिशवी फोडली तर आतला कागद तेलानं पारदर्शक झालेला. सुरी लावली की वडी कापली जात नाही, ढासळते. भाजलेले बदाम मधात शिजवून, दळून, पुन्हा आचेवर घोटतात, त्यात बदामाचं तेल सुटतं. बेसनाच्या लाडवाला तूप सुटल्यावर जो रंग आणि जो सैलसरपणा येतो ना, तंतोतंत तोच. बेसनाच्या जागी बदाम, एवढाच फरक. ताटलीभोवती दोन मिनिटं शांतता होती. मराठी घरात खाण्याच्या वेळी शांतता म्हणजे काय ते सांगायला नको. मागच्या बाजूला 'सुप्रेमा' असं लिहिलेलं बघून घ्या. त्या दर्जाला खिखोनात किमान ६४ टक्के बदाम लागतात, आलिकांतेत ६०.

आलिकांते म्हणजे अख्खे बदाम, मध आणि अंड्याच्या पांढऱ्याची पांढरीशुभ्र कडक पाटी, वरखाली कागदासारखी पापडी. आमच्यातल्या एकानं ती पापडी पाच मिनिटं नखानं सोलली. ती खायची असते.

ताटली ३, जांदुयोत्ती, म्हणजे जांदूयाच्या हेझलनट-कोकोच्या वड्या. याबद्दल इटलीतल्या तोरिनोचे तात्या लिहितीलच, ते लिहिल्याशिवाय राहणार नाहीत.

ताटली ४ ला घोटाळा झाला. मी दोघांना "नुगा आणा" म्हटलं होतं. एकानं फ्रान्सच्या मोंतेलिमारचा आणला, म्हणजे मध, अंड्याचं पांढरं, बदाम आणि थोडे पिस्ते. दुसरीनं जर्मन नुगाट आणला, जो हेझलनट आणि कोकोचा तपकिरी लोण्यासारखा गोळा. नाव एकच, वस्तूंचा एकमेकांशी काही संबंध नाही. आपल्याकडे हलवा म्हटल्यावर कुणी गाजराचा आणतो, कुणी माहीमचा, कुणी बाजारातून मासाच घेऊन येतो, तसं.

ताटली ५, न्युर्नबर्गचं एलिझेन लेबकुखेन. यात पीठ १० टक्क्यांच्या वर चालत नाही आणि सुकामेवा २५ टक्के तरी लागतो. लवंग, दालचिनी, संत्र्याची साल. बरं होतं. ताटली ६ मध्ये एक भलामोठा सोनेरी डबा, निम्म्या किमतीत मिळतो म्हणून कुणीतरी आणलेला. मागं पहिला घटक साखर, दुसरा पाम तेल, हेझलनट पाचव्या नंबरवर. चवही त्याच क्रमानं लागत होती.

निकाल: पहिला खिखोना (एकमतानं), दुसरी जांदुयोत्ती, तिसरं मार्झिपान. सोनेरी डबा शेवटचा. आता तुम्ही बोला.

चिक्कीवाला

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! लोणावळ्यात वाढलोय, त्यामुळे आलिकांतेच्या पाटीकडे बघून एकच प्रश्न पडला. ही चिक्कीच ना? मग पांढरी कशी?

एल्बेकाठी

@चिक्कीवाला, नातं आहे पण सख्खं नाही. चिक्कीत गूळ कडक पाकापर्यंत नेतात आणि शेंगदाणे घालून लाटतात. इथं मध आणि साखरेचा पाक अंड्याच्या पांढऱ्यात फेटतात, त्यात हवा शिरते आणि तो दुधासारखा होतो. त्यामुळे चिक्की काचेसारखी तडकते आणि हे आधी तडकून मग दाताला चिकटतं. कवळी असलेल्या मंडळींनी खिखोनावर थांबावं.

तोरिनोत तात्या

बोलावलंत, आलो.

जांदूया म्हणजे भाजलेलं हेझलनट बारीक दळून कोको आणि साखरेत एकजीव केलेलं. युरोपच्या कायद्यात जांदूया चॉकलेटची व्याख्या आहे, शंभर ग्रॅममध्ये हेझलनट किमान २० आणि कमाल ४०. इथल्या प्रत्येक दुकानात एक गोष्ट सांगतात. १८०६ मध्ये नेपोलियननं इंग्रजांच्या मालाला बंदर बंद केलं, कोको महागला, मग आमच्या पिएमोंते प्रांताच्या कारागिरांनी लांगे टेकड्यांवरचं हेझलनट घालून तो पुरवला. गोष्ट छान आहे, पण मला अर्धीच पटते. त्या काळी लोक चॉकलेट मुख्यतः पीत होते, वडी हा प्रकार रुळायला अजून बरीच वर्षं होती. पक्कं आहे ते १८६५. त्या वर्षीच्या कार्निव्हलमध्ये कफारेल कंपनीनं जांदूया नावाच्या सोंगाच्या हस्ते या वड्या वाटल्या. सोंग म्हणजे तिकोनी टोपीतला, वाईनचा शौकीन खेडूत, आपल्या तमाशातल्या सोंगाड्याच्या जातकुळीतला. वडीला नाव त्याचंच मिळालं.

आकार उलट्या होडीचा. का, तर लगदा इतका मऊ की साच्यातून धड सुटत नाही. म्हणून जुने कारागीर दोन पात्यांनी उचलून ठेवायचे, आता यंत्र पिळून टाकतं. सोनेरी कागद उघडलात की बुडाला सपाट आणि वर धार दिसेल.

आणि कृपया चावू नका! जिभेवर ठेवा, टाळूला टेकवा, गप्प बसा. बायको म्हणते, हे तिसरं माझ्याच्यानं होत नाही.

बारामतीची लेक

तात्या, तुमच्या त्या हेझलनटच्या गावचा कारखाना आमच्या एमआयडीसीत आहे बरं का. आल्बाची फेरेरो. किंडर जॉय आणि टिक टॅक आमच्याकडे बनतं. बाहेरगावी सांगितलं की लोकांना वाटतं थापा मारतेय. त्यांच्या डोक्यात बारामती म्हणजे ऊस आणि राजकारण.

तोरिनोत तात्या

@बारामतीची लेक, मग तुम्ही आमच्या व्याहीच झालात! फेरेरोनंही सुरुवात जांदूयानंच केली. युद्धानंतर कोकोची टंचाई, तेव्हा १९४६ मध्ये पिएत्रो फेरेरोनं जांदूयाची लादी काढली, सुरीनं कापून पावावर ठेवायची. पुढं ती मऊ होत होत १९६४ मध्ये बरणीत गेली आणि नुटेला झाली. म्हणजे तुमच्या घरातली पोरं चमच्यानं जे चाटतात, ते टंचाईचं अपत्य आहे.

मी शाकाहारी

लेख छान, पण आमच्यासारख्यांनी काय खायचं ते कुणी सांगेल का? गेल्या वर्षी एक स्पॅनिश बिस्किट अर्धं खाल्ल्यावर कळलं की त्यात डुकराची चरबी आहे. उरलेला नाताळ लिंबूपाण्यावर काढला.

एल्बेकाठी

@मी शाकाहारी, ते पोल्व्होरोन किंवा मांतेकादो असणार. एस्तेपा गावचा माल प्रसिद्ध आहे, तोंडात भुगा होतो, आणि तो भुगा चरबीचाच. ऑलिव्ह तेलातलेही मिळतात, डब्यावर 'मांतेका दे सेर्दो' (डुकराची चरबी) नाही ना ते बघायचं. अंडं चालत नसेल तर दोन्ही तुर्रोन, मोंतेलिमारचा नुगा आणि इटलीतल्या क्रेमोनाचा तोर्रोने (तिथला नुगा) बाद, या सगळ्यांत अंड्याचं पांढरं असतं. साधं मार्झिपान आणि जांदूया सहसा बिनअंड्याचे, जांदूयात कधी दूध असतं. दारूवर मात्र लक्ष ठेवा. चेरीवाल्या चॉकलेटांत ती भरलेलीच असते, पण नीडरएगरसुद्धा थोडं मद्य घालतं असं आमच्यातल्या एकानं वेष्टन वाचून सांगितलं, तेव्हा प्रत्येक वेळी मागची बाजू वाचाच.

काकडआरती

सगळं वाचलं. शेवटी काय, काजूकतलीला तोड नाही. ती ताटलीत का नव्हती? आणि हे मार्झिपान नक्की कुणाचं, जर्मनांचं की स्पॅनिशांचं?

एल्बेकाठी

दोघंही आमचंच म्हणतात आणि गंमत म्हणजे दोघांची गोष्ट एकच. ल्युबेकवाले सांगतात, १४०७ मध्ये धान्य संपलं, कोठारात फक्त बदाम आणि साखर उरली, म्हणून बेकऱ्यांनी त्याचाच पाव केला. तोलेदोवाले सांगतात, १२१२ च्या लढाईनंतर दुष्काळ पडला, सान क्लेमेन्ते मठातल्या जोगिणींकडे (नन्स) फक्त बदाम आणि साखर उरली. ज्वारी संपली आणि बदाम उरले, असा दुष्काळ एकदा तरी आमच्या जत तालुक्यात पडायला हवा होता. बदाम आणि साखर घोटायची रीत युरोपात अरबांकडून आली, हे जास्त पटण्यासारखं. तोलेदो तर कैक वर्षं त्यांच्याच ताब्यात होतं.

कतली मुद्दाम ठेवली नव्हती. घरचा पंच नको म्हणून.

रसायन मास्तर

कतली आणि मार्झिपान यांची कुंडली जुळवून बघा. कतलीत साधारण दोन वाट्या काजूला एक वाटी साखर. मार्झिपानच्या कच्च्या गोळ्यातही बदाम दोन भाग आणि साखर एक भाग. चुलतबहिणीच. फरक दाण्यात आहे. बदाम निम्मा तेल, पिष्ट (स्टार्च) जवळपास नाही. काजूत तेल थोडं कमी आणि पिष्ट भरपूर, म्हणून कतली गोळा धरते, लाटता येते आणि वर्ख लावण्याइतकी गुळगुळीत होते.

आणि एल्बेकाठीताई, तुमचा तो चोर पकडायला जीभ लागत नाही. पेरझिपानमध्ये अर्धा टक्का पिष्ट घालण्याचा जर्मन रिवाज आहे, केवळ ओळख पटावी म्हणून. घरात बीटाडीन असेल तर एक थेंब टाका. आयोडीन आणि पिष्ट, आठवीचं पुस्तक.

एल्बेकाठी

मास्तर, केलं! तीन बशा, तीन तुकडे, तीन थेंब.
मार्झिपान: डाग तांबूस होता, तांबूसच राहिला.
पेरझिपान: अर्ध्या मिनिटात कडेनं जांभळा आणि मग शाईसारखा निळा-काळा.
तिसरा तुकडा दिवाळीतल्या शेवटच्या कतलीचा. टाकल्या टाकल्या काळी ठिक्कर.
नवऱ्याला पेरझिपानचं काही वाटलं नाही. कतलीवरून मात्र तो माझ्याशी अजून नीट बोलत नाहीये.

काकडआरती

कतलीवर बीटाडीन??? मॉडरेटर कुठे आहेत?

चिक्कीवाला

+१. धाग्यावर हिंसक मजकूर आहे अशी सूचना आधी टाकायला हवी होती.

वसईकर

आमच्याकडे नाताळात मार्झिपान घरीच होतं आणि ते काजूचंच. बदाम आजीच्या बजेटात कधी बसला नाही, काजू बसायचा. भिजवून पुसून वाटायचे, साखर, गुलाबपाणी, मंद आचेवर गोळा सुटेपर्यंत हलवायचं. हात भरून येतात. मग रबरी साच्यांत दाबून मासे, फुलं, पानं. गुलाबी आणि हिरवा रंग ठरलेला. आम्हा पोरांचं काम साच्याला तूप लावणं आणि फुटलेले मासे 'तपासणं'. मी पहिल्यांदा बदामाचं खाल्लं ते तिशीत, विमानतळावर, आणि मनात आलं, यात काहीतरी कमी आहे. आता मास्तरांमुळे कळलं, पिष्ट कमी होतं.

सासष्टीकार

वसईकर, गोव्यातही काजूचंच. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, बदामाची मिठाईही त्यांचीच, आणि इथं आल्यावर दोघांची गाठ आम्ही मारून दिली. पण नाताळच्या ताटात मार्झिपान एका कोपऱ्यात. खरा मान दोदोल, बिबिंक, नेवऱ्यो, कुळकुळ आणि चणाडाळीच्या दोसचा. ते ताट, कोनसोआदा, शेजारी वाटायचं. आमच्या शेजारच्या कामतकाकू गणपतीत करंज्या पाठवतात आणि डिसेंबरात त्याच डब्यातून नेवऱ्यो परत जातात. डबा कुणाचा ते आता दोघांनाही आठवत नाही.

डेल्फ्टची मावशी

नेदरलँड्समध्ये नाताळाआधी ५ डिसेंबरच्या संध्याकाळी सिंटरक्लास, म्हणजे संत निकोलसचा सण. मुलांना नावाच्या पहिल्या अक्षराचं चॉकलेट मिळतं. माझ्या मुलींपैकी एक 'आय' आणि एक 'एम'. पहिल्या वर्षी घरात रणकंदन, "तिचं मोठं!" शेवटी तराजू काढला. दोन्ही अक्षरांचं वजन सारखंच असतं, 'आय' जाडजूड ओततात आणि 'एम' सडसडीत. धाकटीला पटलं. थोरलीला, म्हणजे 'एम'ला, त्या दिवसापासून आपण फसवले गेलो असं वाटतं.

चव म्हणाल तर अक्षर खाण्यासाठी नसतं, मिरवण्यासाठी असतं.

साल्झबुर्गचा पाव्हणा

मोत्सार्टकुगेल कुणीच आणलं नाही? मध्यभागी पिस्त्याचं मार्झिपान, त्यावर नुगाट (जर्मन अर्थानं!), बाहेर डार्क चॉकलेट. साल्झबुर्गच्या पाऊल फ्युर्स्ट या मिठाईवाल्यानं १८९० मध्ये काढलं, त्याच्या वंशजांच्या दुकानात आजही हातानं करतात. गोळा काडीला टोचून चॉकलेटमध्ये बुडवायचा, काडी उभी ठेवून वाळवायचा, मग काडी काढून भोक चॉकलेटनं बुजवायचं. निळ्या-चंदेरी कागदातलं ते मूळ. लाल-सोनेरी कागदात सगळीकडे मिळतात ती कारखान्याची. नावावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि तोडगा असा निघाला, की 'ओरिगिनाल' म्हणायचा हक्क फ्युर्स्टचा आणि बाकीच्यांनी 'एष्ट' म्हणजे 'अस्सल' म्हणायचं. पुण्यात 'मूळ' आणि 'अस्सल' अशा पाट्या शेजारीशेजारी पाहिलेल्यांना समजावून सांगायला नको.

तेवीस किलो

कामाचं बोला मंडळी. २२ तारखेचं विमान आहे, मुंबई आणि पुढं एसटीनं सांगली. यातलं काय पोचेल?

तोरिनोत तात्या

जांदूया नेऊ नका. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं, त्यात हेझलनटचं तेल मिसळलं की ते आणखी लवकर ढेपाळतं. घट्ट झालं तरी वर पांढरी बुरशीसारखी साय येते. ती बुरशी नसते, वर आलेली चरबी असते, पण हे सासूबाईंना कोण समजावणार?

एल्बेकाठी

@तेवीस किलो, मीही त्याच आठवड्यात सांगलीलाच! खिखोना न्या, बंद पिशवीत तेल सुटलं तरी काही बिघडत नाही, फक्त कपड्यांपासून लांब ठेवा. बिनचॉकलेटचं मार्झिपान न्या. आलिकांते घट्ट बंद हवी, मध हवेतला ओलावा ओढतो आणि पापडीचा लगदा होतो. कोकणात जाणार असाल तर विसराच.

एल्बेकाठी

सांगलीहून अपडेट.

आलिकांतेची पाटी सुरीनं हलेना, आईनं सरळ खलबत्ता काढला. पहिल्या घावात दोन बदाम ओट्यापलीकडे. बाबांनी तुकडा चघळत विचारलं, "गूळ मिळत नाही का तिकडे?" मार्झिपानला काकूनं "औषध घातलंय काय ग?" म्हटलं आणि तिसरी फोड उचलली.

खिखोना आईनं बोटानं चेपून बघितला, वास घेतला, म्हणाली, "भाजणी चांगली खमंग झालीये. पण तूप आवरलं नाही त्यांना." तूप नाही, बदामाचंच तेल आहे, हे मी दोनदा सांगितलं. तिनं मान डोलावली आणि उरलेल्याचे लाडू वळून ठेवले. वेलची घालून. अकरा झाले.

चिक्कीवाला

फोटो दिसत नाहीयेत.

मी शाकाहारी

त्यात अंडं आहे हे आईंना सांगितलंत ना?

एल्बेकाठी

@चिक्कीवाला, अकरा वळले आणि एकही उरला नाही, फोटो कशाचा काढू?
@मी शाकाहारी, व्यनि (खासगी निरोप) बघा.